हीट-क्युअर कवळीचे क्युरिंग: पाया मजबूत होण्यासाठी कोणती पायरी कधी आणि का

कवळी मधोमध तडकून परत आली की पहिला संशय पावडर-लिक्विडच्या डब्यावर जातो. बहुतेक वेळा डबा निर्दोष असतो. दोष असतो पाण्याच्या तापमानात, घाईने उघडलेल्या फ्लास्कमध्ये (साचा धरणारी दोन भागांची पेटी) किंवा लिक्विड ओतताना सैल सुटलेल्या हातात. साहित्य तेच, साचा तोच. क्युरिंग, म्हणजे ॲक्रिलिक घट्ट करणे, बदलले की एक पाया (दात धरणारा ॲक्रिलिकचा भाग) घट्ट आणि एकजीव निघतो, दुसरा आतून बुडबुड्यांनी भरलेला.

कामाला लागण्यापूर्वी एवढे मनात पक्के असावे: क्युरिंग म्हणजे फ्लास्क उकळणे नव्हे. त्यात तीन वेगळी कामे आहेत. पहिले काम अभिक्रिया सावकाश घडवण्याचे. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे पावडरमधील बेंझॉइल पेरॉक्साइड (अभिक्रिया सुरू करणारा इनिशिएटर) फुटू लागते, मोनोमरचे, म्हणजे लिक्विडमधले सुटे रेणू साखळीत जोडले जातात आणि ही जोडणी स्वतःच बरीच उष्णता सोडते. मोनोमर १००.८ अंशांना उकळतो, म्हणून ही उष्णता आवरली नाही तर तो पायाच्या आतच वाफ होतो. दुसरे काम मागे राहिलेला मोनोमर संपवण्याचे. त्याला १०० अंशांची गरज असते. तिसरे काम पाया ताण न साठवता थंड करण्याचे. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका यांतले एक काम गाळल्याने किंवा दोन कामे एकत्र उरकल्याने होतात.

१. साचा: मेण, पाणी आणि सेपरेटिंग मीडियम

मेणाची कवळी आत बसवलेला बंद फ्लास्क उकळत्या पाण्यात ४ ते ५ मिनिटे ठेवा. मेण मऊ झाले पाहिजे, पण वितळून प्लास्टरमध्ये मुरता कामा नये. फ्लास्क उघडा, मऊ मेणाचा गोळा उचलून काढा, मग डिटर्जंट घातलेल्या उकळत्या पाण्याने साचा धुवा आणि शेवटी स्वच्छ उकळते पाणी ओता. एकदा मेणाने तेलकट झालेले पाणी पुन्हा वापरू नका. त्यातले मेण दातांच्या बुडाशी पातळ थर धरते, तो डोळ्याला दिसत नाही, आणि पुढे दात पायापासून सुटून येतो.

साचा कोमट असताना सोडियम अल्जिनेटचे सेपरेटिंग मीडियम ब्रशने लावा, प्लास्टर आणि स्टोनच्या पृष्ठभागावरच. दातांच्या बुडाला ते लागले तर लगेच पुसून काढा. हा थर प्लास्टरमधले पाणी रेझिनमध्ये (पायाच्या ॲक्रिलिकमध्ये) जाऊ देत नाही आणि मोनोमरला प्लास्टरमध्ये शिरू देत नाही. थर फाटला असेल तिथे पायाचा पृष्ठभाग पांढुरका, खडबडीत आणि बारीक तड्यांना लवकर बळी पडणारा निघतो.

तपासा: साच्यावर बोट फिरवा. ओलसर चमक दिसत असेल तर पॅकिंग, म्हणजे साच्यात डो (पावडर-लिक्विडचे मळलेले मिश्रण) भरणे, अजून करू नका. साचा गरमही नको. गरम साच्यात डो पॅकिंग पुरे होण्याआधीच रबरासारखा होऊ लागतो.

२. पावडर आणि लिक्विड मोजून घ्या

आकारमानाने ३ भाग पावडर, १ भाग लिक्विड. वजनाने साधारण २ भागांस १, पण नेमके प्रमाण निर्मात्याच्या पत्रकात पाहा. अंदाजाने ओतण्याची सवय सगळ्यात महाग पडते, आणि चूक सहसा जास्त लिक्विडच्या बाजूनेच होते, कारण पातळ मिश्रण हाताळायला सोपे वाटते.

त्याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. निव्वळ मोनोमर घट्ट होताना आकारमानाने सुमारे २१ टक्के आकसतो. ३:१ मिश्रणात हे आकसणे ७ टक्क्यांच्या आसपास येते, कारण पावडर आधीच घट्ट झालेली असते. लिक्विड वाढवले की आकसणे वाढते आणि टाळूला फट पडते. शिवाय मोनोमर जितका जास्त तितकी अभिक्रियेची उष्णताही जास्त, आणि शेवटी न जोडलेला मोनोमरही जास्त उरतो. हा उरलेला मोनोमर साखळ्यांच्या मधे बसून त्यांना एकमेकींवर घसरू देतो. पाया लवचिक होतो, आणि चावताना रोज वाकणारा पाया थकून तुटतो.

लिक्विड कमी पडले तर उलटा प्रकार: पावडरचे काही मणी कोरडेच राहतात आणि पाया दाणेदार, ठिसूळ होतो.

मिश्रण झाकणाच्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात करा. आधी लिक्विड, मग पावडर हळूहळू. सगळी भिजली की झाकण लावा. झाकण विसरले तर वरच्या थरातला मोनोमर उडून जातो आणि त्याच डोमधून दोन वेगळ्या गुणांचे रेझिन साच्यात जाते.

सावधान: मोनोमर पेट घेतो आणि त्याची वाफ श्वासाला त्रास देते. जवळ ज्योत नको, हवा खेळती हवी. लेटेक्सचे हातमोजे मोनोमरला अडवत नाहीत, म्हणून डो थेट हाताने मळू नका, मोजे घालूनही नाही. पॉलिथिनच्या कागदात धरा.

३. डो तयार होण्याची वाट पाहा

मिश्रण आधी ओल्या वाळूसारखे, मग ताणल्यावर तार सुटणारे, मग भांड्याच्या कडेपासून स्वच्छ सुटणारा डो, त्यानंतर रबरासारखे आणि शेवटी कडक, या क्रमाने बदलते. पॅकिंग फक्त डोच्या अवस्थेत.

तार सुटत असताना पॅक केले तर मिश्रण दाबाला टिकत नाही. फ्लास्कच्या फटीतून वाहून जाते, साच्यात दाब बसत नाही आणि पाया सच्छिद्र होतो. रबराच्या अवस्थेत पॅक केले तर ते बारीक कोपऱ्यांत शिरत नाही, चावण्याची उंची वाढते आणि दात जागेवरून सरकतात.

डो पुढे गेला म्हणून त्यात लिक्विडचे चार थेंब घालून तो परत मऊ करण्याचा मोह होतो. करू नका. ते लिक्विड डोमध्ये एकजीव होत नाही, पट्टे पडतात आणि प्रत्येक पट्ट्याच्या कडेला कमकुवत जागा तयार होते. तो डो टाकून द्या आणि नवीन मिश्रण करा. खोली थंड असली की डो व्हायला वेळ लागतो, उष्ण असली की लवकर होतो. घड्याळापेक्षा कडेपासून सुटणे हीच खूण धरा.

४. पॅकिंग आणि ट्रायल क्लोजर (चाचणीपुरते बंद करणे)

दातांच्या बुडाला मोनोमरचा हलका हात द्या, म्हणजे रेझिन तिथे चांगले धरेल. डो साच्यापेक्षा थोडा जास्त भरा. वर पॉलिथिनचा कागद ठेवा आणि फ्लास्क प्रेसमध्ये हळूहळू दाबा. एकदम दाबल्यास डो साच्यात पसरण्याआधीच बाहेर पडतो आणि दात मोडू शकतात.

फ्लास्क उघडा, बाहेर आलेला जादा डो, म्हणजे फ्लॅश, कापा, पुन्हा दाबा. फ्लॅश यायचा थांबेपर्यंत हे करत राहा. कुठे खळगा दिसला तर ताजा डो घाला आणि पुन्हा दाबा. शेवटच्या वेळी कागद काढून, दोन्ही भागांवर सेपरेटिंग मीडियम शाबूत आहे हे पाहून, फ्लास्कचे धातू एकमेकांना टेकेपर्यंत बंद करा आणि क्लॅम्पमध्ये आवळा.

तपासा: फ्लास्कच्या कडेला धातू धातूला टेकला आहे का? कागदाएवढीही फट राहिली तरी कवळीची उंची तेवढी वाढलेली असेल.

आता लगेच पाण्यात टाकू नका. दाबाखाली ३० ते ६० मिनिटे तसेच राहू द्या. या वेळात मोनोमर पावडरच्या मण्यांत आणखी मुरतो आणि साच्यातला दाब सगळीकडे सारखा होतो. सर्वांत जास्त वगळली जाणारी पायरी हीच, आणि तिला खर्च काहीच नाही.

५. उष्णता देणे

फ्लास्क सामान्य तापमानाच्या पाण्यात पूर्ण बुडवा आणि पाणी हळूहळू ७४ अंशांपर्यंत न्या. पुढे चक्र निवडायचे.

लांब चक्र: ७४ अंशांवर ८ तास किंवा अधिक, शेवटी उकळी नाही.
लांब चक्र, शेवटी उकळी: ७४ अंशांवर ८ तास, मग १०० अंशांवर १ तास.
लहान चक्र: ७४ अंशांवर साधारण २ तास, मग १०० अंशांवर १ तास.

पत्रकात वेगळे चक्र दिले असेल तर पत्रकच पाळा. ते त्या रेझिनच्या इनिशिएटरनुसार ठरवलेले असते. निवड आपल्या हातात असेल तर मी दुसरे चक्र घेईन. पहिल्यात जाड भाग सुखरूप राहतो, पण पातळ टाळूत मोनोमर जास्त उरतो. पातळ भागात अभिक्रियेची उष्णता साचत नाही, आजूबाजूचे प्लास्टर ती ओढून घेते, म्हणून तिथले तापमान पाण्याच्या फारसे वर जात नाही. शेवटची उकळी मुख्यतः या पातळ भागासाठी आहे. वेळ नसेल तेव्हा लहान चक्र चालते, मात्र त्यातले २ तास खरोखर २ तास असले पाहिजेत आणि ते पाणी ७४ अंशांना पोहोचल्यापासून मोजले पाहिजेत.

घाई इथेच नडते. पाण्याचे तापमान आणि रेझिनचे तापमान सारखे नसते. सुरुवातीला रेझिन मागे असते, कारण प्लास्टर उष्णता सावकाश आत सोडते. रेझिन ७० अंशांच्या थोडे पुढे गेले की अभिक्रिया वेग घेते, आणि मग तेच प्लास्टर आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. रेझिन पाण्याला मागे टाकून वर चढते. त्या क्षणी पाणी ७४ अंशांवर असेल तर चढलेले तापमानही मोनोमरच्या उकळबिंदूखाली राहण्याची शक्यता असते. पाणी तेव्हाच उकळत असेल तर जाड भागाचे तापमान १०० च्या बरेच वर जाते, मोनोमरची वाफ होते आणि घट्ट होत चाललेल्या रेझिनमध्ये बुडबुडे अडकतात. खालच्या कवळीचा जिभेकडचा जाड भाग आणि वरच्या कवळीचा मागचा फुगवटा इथेच हे बुडबुडे सापडतात. पृष्ठभाग गुळगुळीत दिसतो, म्हणून पॉलिशनंतरही पत्ता लागत नाही.

सावधान: काही रेझिन थेट उकळत्या पाण्यात टाकून, पाणी पुन्हा उकळू लागल्यावर २० मिनिटांत तयार होतात. त्यांत उष्णतेवरचा आणि रासायनिक असे दोन्ही प्रकारचे इनिशिएटर असतात. ती पद्धत त्या रेझिनपुरतीच आहे. साध्या हीट-क्युअरला ती लावली की सच्छिद्र पाया ठरलेलाच.

थर्मामीटर भांड्याच्या तळाला टेकवून वाचू नका. फ्लास्कच्या उंचीवर पाण्यात धरा. गॅसवर साधे पातेले वापरणाऱ्यांची सगळ्यात मोठी अडचण हीच आहे की त्यांचे ७४ अंश म्हणजे कधी ६५ आणि कधी ९०. तापमान राखणारे क्युरिंग युनिट नसेल तर निदान कोणी तरी पहिले २ तास पाण्यापाशी थांबलेच पाहिजे.

६. थंड करणे

फ्लास्क पाण्यातून काढा, टेबलावर ३० मिनिटे ठेवा, मग नळाच्या पाण्यात १५ मिनिटे. सोय असेल तर बाथमध्येच रात्रभर आपोआप थंड होऊ देणे सर्वांत चांगले.

ॲक्रिलिक १०५ अंशांच्या आसपास मऊपणाकडून काचेसारख्या कडक अवस्थेकडे जाते. त्याच्या खाली ते फारसे सैलावत नाही. आकसताना जो ताण येतो तो आतच राहतो. शिवाय ॲक्रिलिक तापमानानुसार जितके आकसते, त्या मानाने प्लास्टर खूपच कमी. गरम फ्लास्क थेट गार पाण्यात गेला की बाहेरचा भाग आधी कडक होतो, आतला नंतर आकसतो, आणि दोघांची ओढाताण पायात कोंडली जाते. गरम असतानाच उघडला तर पाया तिथल्या तिथे वेडावाकडा होतो आणि मॉडेलवर परत बसत नाही.

तपासा: उघडण्याआधी फ्लास्क दोन्ही हातांत आरामात धरता आला पाहिजे. धातू गार वाटला तरी आतले प्लास्टर कोमट असू शकते, म्हणून शंका असेल तर थांबा.

७. उघडणे, फिनिशिंग आणि पाण्यात ठेवणे

प्लास्टर तुकड्या-तुकड्याने कापून काढा. हातोडीचा घाव कवळीवर येऊ देऊ नका.

फिनिशिंगमध्ये दोन गोष्टी ताकद खातात. पहिली जाडी. पायाला तोडायला लागणारा भार जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो: २ मिलिमीटरऐवजी २.५ मिलिमीटर जाडी ठेवली तर तोच पाया सुमारे ५६ टक्के जास्त भार घेतो. टाळू हलका करण्याच्या नादात बर (घासायचे फिरते हत्यार) फिरवत राहिलात तर नीट केलेले क्युरिंगही वाचवू शकत नाही. दुसरी ओरखडे आणि टोकदार खाचा. ओठाच्या फ्रेनमसाठी (ओठाला हिरडीशी जोडणाऱ्या पडदीसाठी) ठेवलेली खाच इंग्रजी व्ही आकाराची असेल तर तडा तिथूनच सुरू होतो. ती गोलसर करा. बर एकाच जागी दाबून धरू नका, आणि पॉलिश करताना चाक कोरडे फिरवू नका. घर्षणाने पाया तापला की कोंडलेला ताण सुटतो आणि आकार बदलतो.

तयार कवळी रुग्णाला देण्यापूर्वी निदान १ दिवस पाण्यात ठेवा. उरलेल्या मोनोमरचा काही भाग पाण्यात उतरतो आणि ॲक्रिलिक पाणी शोषून स्थिरावते. पुसायला स्पिरिट वापरू नका; ताण साठलेल्या ॲक्रिलिकवर अल्कोहोल बारीक तडे पाडते.

८. उष्णतेच्या पाण्याशिवाय इतर पद्धती

सेल्फ-क्युअरमध्ये उष्णतेऐवजी लिक्विडमधले अमाइन इनिशिएटरला फोडते. जोडणी तितकी पूर्ण होत नाही: उरलेला मोनोमर नीट क्युअर केलेल्या हीट-क्युअरमध्ये ०.२ ते ०.५ टक्के असतो, सेल्फ-क्युअरमध्ये ३ ते ५ टक्के. म्हणून तो दुरुस्तीला, ट्रेला किंवा तात्पुरत्या कामाला योग्य. तो टेबलावर उघडा सोडू नका. कोमट पाण्याच्या प्रेशर पॉटमध्ये, पत्रकात दिलेल्या दाबाखाली घट्ट होऊ द्या. छिद्रे कमी होतात आणि मोनोमरही कमी उरतो. दुरुस्ती करताना तुटलेल्या कडा गोलसर करा आणि जोडण्याआधी त्या मोनोमरने ३ मिनिटे ओल्या ठेवा. नुसता ब्रश फिरवून लगेच भरले तर जुन्या ॲक्रिलिकचा पृष्ठभाग मऊ होत नाही आणि नवे रेझिन त्यात गुंतत नाही.

मायक्रोवेव्ह क्युरिंगला धातूचा फ्लास्क चालत नाही. फायबरने मजबूत केलेला प्लास्टिकचा फ्लास्क आणि त्यासाठीच बनवलेले रेझिन घ्या. सगळे मिनिटांत उरकते, पण जाड भागात बुडबुड्यांचा धोका कायम राहतो, कारण उष्णता एकदम येते. शक्ती कमी आणि वेळ जास्त ठेवणे सुरक्षित.

मिल केलेल्या (तयार ठोकळ्यातून यंत्राने कोरलेल्या) कवळीत क्युरिंग कारखान्यात, दाबाखाली झालेले असते. तिथे आपण फक्त जाडी आणि खाचा सांभाळायच्या. छापलेल्या (थ्रीडी प्रिंट केलेल्या) कवळीत मात्र क्युरिंगची अर्धी जबाबदारी आपली. यंत्रातून निघालेला पाया अर्धवट जोडलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये सांगितला तेवढाच वेळ धुवा. जास्त वेळ ठेवला तर तो रेझिनमध्ये शिरून ते कमकुवत करतो. पूर्ण कोरडा झाल्यावरच प्रकाशपेटीत ठेवा. हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागाची जोडणी अडवतो, म्हणून पत्रकात सांगितले असेल तर पाया ग्लिसरिनमध्ये बुडवून क्युअर करा. थर कोणत्या दिशेने रचले यावरही ताकद अवलंबून असते, तेव्हा निर्मात्याने सांगितलेली दिशा बदलू नका.

९. तुटलेला तुकडा वाचा, आणि आपले चक्र तपासा

परत आलेली कवळी जोडण्याआधी तुटलेली कड भिंगाखाली पाहा. जाड भागाच्या पोटात गोल बुडबुडे असतील तर पाणी लवकर उकळले. छिद्रे वेड्यावाकड्या आकाराची आणि सगळीकडे असतील तर डो कमी भरला किंवा दाब अपुरा होता. ठरावीक पट्ट्यात किंवा ठिपक्यांत छिद्रे असतील तर मिश्रण एकजीव नव्हते. छिद्र नाही, पण कडेपासून आत जाणारे बारीक तडे आहेत, तर थंड करण्याची घाई किंवा अल्कोहोल. दात स्वच्छ सुटला असेल आणि त्याच्या बुडावर रेझिनचा कणही नसेल तर मेण राहिले होते.

अंदाजावर विसंबायचे नसेल तर आयएसओ २०७९५-१ या मानकातली पट्टी करून पाहा. पुढच्या वेळी त्याच फ्लास्कमध्ये, त्याच डोची ६४ मिलिमीटर लांब, १० रुंद आणि ३.३ जाड पट्टी तयार करा. ती ३७ अंशांच्या पाण्यात ५० तास ठेवा, मग ५० मिलिमीटर अंतरावरच्या दोन आधारांवर ठेवून बरोबर मध्यभागी भार वाढवत न्या. मानक हीट-क्युअरकडून किमान ६५ मेगापास्कल वाकण्याची ताकद मागते, सेल्फ-क्युअरकडून ६०. हिशोब केला तर या मापाच्या पट्टीसाठी ६५ मेगापास्कल म्हणजे मध्यभागी सुमारे ९४ न्यूटन, साधारण साडेनऊ किलोचा भार. घरगुती मांडणीत हा आकडा प्रयोगशाळेइतका नेमका येणार नाही, पण एकाच डोच्या दोन प्रकारच्या पट्ट्या, काही आपल्या नेहमीच्या चक्राच्या आणि काही ८ तास अधिक १ तासाच्या, शेजारी शेजारी तोडून पाहिल्या तर कोणते चक्र ठेवायचे ते ठरवता येते. जाडी कॅलिपरने मोजा, कारण दशांश मिलिमीटरचा फरकही वर्गाने वाढतो, आणि प्रत्येक चक्राच्या किमान पाच पट्ट्या तोडल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.